परकें दप्तर वाचण्याची विद्या

पेनड्राइव्ह संगणकास लावावा आणि संगणकानें पडद्यावर इतकेंच दाखवावें कीं, ‘हा साठा वाचतां येत नाहीं, तो फॉरमॅट करावयाचा काय?’ असा प्रसंग आतां चौसाळ्यासारख्या गांवींही नवा राहिलेला नाहीं. यंत्र विचारीत आहे, तेव्हां तें शहाणपणानेंच विचारीत असेल, अशा समजुतीनें पुष्कळ जण ‘होय’ या शब्दावर बोट ठेवितात. शिष्यवृत्तीच्या अर्जास जोडावयाचे दाखले, बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें, वडिलांनीं बीडला हेलपाटे घालून मिळविलेल्या कागदांच्या प्रती, हें सर्व डोळ्यांदेखत नाहींसें होतें. वस्तुतः त्या पेनड्राइव्हमध्यें पुष्कळदां कांहींच बिघाड नसतो. तो दुसऱ्या पद्धतीनें लिहिलेला असतो आणि या यंत्रास ती पद्धति ठाऊक नसते, एवढेंच.

या लेखांत आम्हांस जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत असें: दुसऱ्याचें लिखाण वाचतां येणें ही प्रत्येक संगणकप्रणालीची गरज आहे, ती शक्ति यंत्रांत आपोआप उपजत नाहीं, कोणी तरी मनुष्य ती कष्टानें घालतो, आणि ती घालण्याची, निदान ती जागी करण्याची विद्या आमच्या मुलांस शाळेंतच मिळाली पाहिजे.

मराठवाड्यांतील माणसास ही गोष्ट पटविण्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या अमलाखालीं होता. तेथील दरबारी भाषा पूर्वीं फारसी व पुढें उर्दू. सबब त्या काळचे जमिनीचे व महसुलाचे पुष्कळ कागद उर्दूंत आहेत, आणि कित्येक जुने मराठी कागद मोडी लिपींत आहेत. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं मराठवाड्यांतील जुनीं दप्तरें उघडण्यांत आलीं, तेव्हां उर्दू व मोडी जाणणारी माणसें शोधावीं लागलीं. कागद शाबूत, शाई शाबूत, शिक्काही शाबूत. परंतु वाचणारा हाताशीं नाहीं, अशी ती अडचण होती. तरीसुद्धां ‘हा कागद वाचतां येत नाहीं, सबब तो जाळून टाकावा’ असें कोणी म्हणालें नाहीं. संगणकापुढें बसल्यावर मात्र आमचा हा विवेक सुटतो, आणि यंत्राच्या एका प्रश्नासरशी आम्ही सबंध दप्तर आगींत टाकण्यास तयार होतों.

हें दप्तर म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. संगणकाचा साठा म्हणजे क्रमांक घातलेल्या लहान लहान खणांची एक प्रचंड मांडणी होय. एकेक खण बहुधा ५१२ किंवा ४०९६ बाइटांचा असतो. आपण लिहिलेला निबंध अशा अनेक खणांत ठेविला जातो. कोणता तुकडा कोणत्या खणांत आहे, फाइलीचें नांव काय, ती केव्हां लिहिली गेली, कोणते खण रिकामे आहेत, या सर्वांची नोंद ठेवणारी जी पद्धति तिला फाइल-प्रणाली म्हणतात. तलाठ्याच्या दप्तराशीं तिचें साम्य चांगलें जुळतें. जमीन शिवारांत असते. परंतु ती कोणाची, किती व कोणत्या गटांत, हें सातबाराच्या उताऱ्यावरून समजतें. घाईनें केलेल्या फॉरमॅटनें बहुधा शिवार नांगरलें जात नाहीं, दप्तर मात्र कोरें होतें. म्हणून चुकून तसें घडलेंच तर त्या पेनड्राइव्हवर पुढें एक अक्षरही न लिहितां तो जाणत्या माणसाकडे न्यावा. रिकाम्या समजलेल्या खणांवर नवें लिखाण पडलें नाहीं तोंपर्यंत जुनें बरेंचसें परत मिळण्याची आशा असते.

तलाठ्यांचीं दप्तरें गांवोगांवीं एकाच नमुन्याचीं असतात. संगणकाच्या जगांत तसें नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीची नेहमीची पद्धति एन.टी.एफ.एस.; ती १९९३ सालीं विंडोज एन.टी. बरोबर आली. ॲपल कंपनीची ए.पी.एफ.एस. २०१७ सालची. लिनक्स प्रणालींत बहुधा एक्स्ट-४ वापरतात. पेनड्राइव्हवर वारंवार आढळणारी फॅट-३२ ही १९९६ सालची. तिच्यांत ४ जी.बी. किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाहीं. म्हणून लग्नाचा लांबलचक व्हिडिओ तिच्यावर उतरवूं गेल्यास जागा रिकामी दिसत असूनही यंत्र जागा नाकारतें. प्रत्येक घराण्याची वही निराळी, तिचें वळण निराळें आणि तिचे संकेतही निराळे.

हीं निरनिराळीं दप्तरें वाचण्याचें काम संगणकांत कोण करितें? प्रणालीचा जो अगदीं आंतला भाग, ज्यास कर्नल म्हणतात व आम्ही येथें गाभा म्हणूं, त्याच्याकडे हें काम असतें. (सैन्यांतील कर्नलाशीं याचा कांहीं संबंध नाहीं, हें खालच्या वर्गांतील वाचकांनीं ध्यानांत ठेवावें!) लेखनाचे, चित्रांचे व हिशेबाचे प्रोग्राम साठ्यास स्वतः हात लावीत नाहींत, ते गाभ्यास विनंती करितात. त्या पद्धतीचा जाणता, ज्यास ड्रायव्हर म्हणतात, तो गाभ्याच्या पदरीं असेल तर साठा जोडून घेतला जातो. या जोडून घेण्यास माउंट करणें असें नांव आहे. ड्रायव्हर नसेल तर नकार मिळतो.

लिनक्सच्या गाभ्याची गोष्ट या बाबतींत बोधप्रद आहे. फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यानें १९९१ सालीं तो लिहावयास घेतला, तेव्हां त्यास स्वतःची फाइल-प्रणाली नव्हतीच. अँड्र्यू टॅनेनबॉम या अध्यापकांनीं शिकविण्यासाठीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या मिनिक्स प्रणालीची पद्धति त्यानें उसनी घेतली. तींत फाइलीचें नांव १४ अक्षरांहून लांब चालत नसे व साठा ६४ एम.बी.च्या पलीकडे जात नसे. पुढें गाभ्यांत व्ही.एफ.एस. नांवाचा एक मधला थर बसविण्यांत आला. अशा थराची कल्पना सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनींत १९८५ च्या सुमारास आकारास आली होती. वरच्या प्रोग्रामांनीं ‘उघड, वाच, लिही, मीट’ एवढेंच सांगावें. खालीं ज्या पद्धतीचें दप्तर असेल तिच्या ड्रायव्हराकडे हा थर तें काम सोंपवितो. कचेरींतील शिरस्तेदारानें उर्दूचा कागद उर्दू जाणणाऱ्याकडे व मोडीचा मोडी जाणणाऱ्याकडे पाठवावा, तसेंच हें. या थरामुळें १९९२ सालीं रेमी कार्ड यांची नवी एक्स्ट पद्धति मिनिक्सच्या शेजारीं बसूं शकली, आणि पुढें डझनावारी परक्या पद्धतींस जागा मिळाली.

गाभा तयार करितेवेळीं अशा प्रत्येक पद्धतीविषयीं एक प्रश्न विचारिला जातो. त्याचीं उत्तरें तीन असतात. ड्रायव्हर गाभ्यांतच कायम बसवावा, हें पहिलें. तो वेगळा तयार ठेवावा व गरज पडेल तेव्हां बोलवावा, हें दुसरें. तो नकोच, हें तिसरें. दुसऱ्या प्रकारच्या ड्रायव्हरास मॉड्यूल म्हणतात. यंत्रानें नकार दिला याचा अर्थ पुष्कळदां एवढाच असतो कीं, कोणीं तरी तिसरें उत्तर देऊन ठेविलें आहे, किंवा मॉड्यूल तयार असूनही तें कोणीं बोलाविलेलें नाहीं. लिनक्समध्यें ‘प्रॉक’ या कप्प्यांतील ‘फाइलसिस्टिम्स’ नांवाची यादी उघडली म्हणजे त्या क्षणीं गाभ्यास कोणकोणत्या पद्धती अवगत आहेत तें दिसतें. त्या यादींत नसलेली पद्धति मॉड्यूल बोलावतांच तेथें हजर झालेली विद्यार्थ्यानें एकदां डोळ्यांनीं पाहिली, म्हणजे यंत्राचा नकार हा शेवटचा निकाल नसतो, ही गोष्ट त्याच्या मनावर कायमची ठसेल.

परंतु परक्याचें दप्तर वाचण्यास इतके सायास कां पडावेत? याचें मोठें कारण असें कीं, कित्येक दप्तरांचा नमुनाच मालकांनीं झांकून ठेविलेला असतो. एन.टी.एफ.एस.चा संपूर्ण नमुना तिच्या कंपनीनें जाहीर केला नव्हता. लिनक्सच्या कार्यकर्त्यांस प्रत्यक्ष साठे तपासून व एकेक खण उलगडून तो समजून घ्यावा लागला. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गाभ्यांत तिचा पहिला ड्रायव्हर आला. पण तिच्यांत लिहिण्याची शक्ति फार काळ अत्यंत मर्यादित राहिली. असें होणें साहजिक होतें. उताऱ्यावरील नांव बदलावयाचें तर फेरफाराच्या वहींत नोंद पडावी लागते. ती न करितां कोणीं परस्पर उतारा खोडला, तर पुढें भावाभावांत कज्जे लागतात. एन.टी.एफ.एस.मध्येंही दप्तरांतील बदलांची अशीच फेरफारासारखी नोंद ठेविली जाते. तिचे नियम पुरते ठाऊक नसतां लिहावयास जाणें म्हणजे दुसऱ्याच्या दप्तरांत खाडाखोड करणें होय. वाचतांना चूक झाली तर मजकूर समजत नाहीं. लिहितांना चूक झाली तर मजकूरच उरत नाहीं. गाभ्याच्या बाहेर राहून भरंवशानें लिहिणारा एन.टी.एफ.एस.-३जी हा ड्रायव्हर २००७ सालीं स्थिर झाला. आणि गाभ्याच्या आंत राहून पूर्ण वाचन-लेखन करणारा ड्रायव्हर पॅरागॉन या कंपनीनें दिला, तो ५.१५ या आवृत्तींत ऑक्टोबर २०२१ मध्यें समाविष्ट झाला. पद्धति निघाल्यास तोंपर्यंत २८ वर्षें लोटलीं होतीं.

याच्या शेजारीं एक्सफॅटचें उदाहरण ठेवून पाहा. ही पद्धति त्याच कंपनीनें २००६ सालीं काढली. ३२ जी.बी.हून मोठ्या एस.डी. कार्डांसाठीं २००९ सालीं तीच ठरविण्यांत आली, म्हणून आज कॅमेऱ्यांच्या मोठ्या कार्डांवर ती सर्रास आढळते. तिच्याभोंवतीं पेटंटांचें कुंपण होतें. ऑगस्ट २०१९ मध्यें कंपनीनें तिचा नमुना सर्वांसाठीं जाहीर केला आणि लिनक्सच्या गाभ्यांत तिला घेण्यास पाठिंबा दिला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ५.४ या आवृत्तींत तिचा पहिला ड्रायव्हर आला, आणि मे २०२० मध्यें ५.७ या आवृत्तींत सॅमसंग कंपनीच्या अभियंत्यांचा अधिक चांगला ड्रायव्हर त्याच्या जागीं बसला. तेरा वर्षें अडलेलें काम कुंपण निघाल्यावर नऊ महिन्यांत मार्गीं लागलें. ज्ञान झांकून ठेविल्यानें मालकाचा कांहीं काळ फायदा होत असेल. पण ज्यांचे कागद त्या पद्धतींत अडकले आहेत त्यांचा खोळंबा होतो, हें यावरून स्पष्ट दिसतें.

हीं कामें दूरदेशच्या लोकांनीं करावींत व आपण फक्त वापरावींत, असा कोणाचा समज असेल तर त्यानें पुण्याकडे दृष्टि वळवावी. सन मायक्रोसिस्टिम्सनें सोलारिस या आपल्या प्रणालीसाठीं झेड.एफ.एस. नांवाची फाइल-प्रणाली तयार केली, व २००५ सालीं तिचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञांचा मजकूर, खुला केला. साठविलेल्या प्रत्येक भागाची पडताळणीची संख्या ती वेगळी नोंदवून ठेविते. त्यामुळें साठ्यांत गुपचूप झालेला बिघाड तिला ओळखतां येतो. लिनक्सच्या गाभ्यांत ती आणण्याचें काम अमेरिकेंतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेंत २००८ पासून चाललें होतें. त्या कामाचा पाया घेऊन पुण्याच्या के.क्यू. इन्फोटेक या कंपनीनें २०१० सालीं लिनक्ससाठीं झेड.एफ.एस. तयार केली, आणि जानेवारी २०११ मध्यें तिची नवी आवृत्ति जाहीर केली. एप्रिल २०११ मध्यें ती कंपनी एस-टेक या अमेरिकन कंपनीनें विकत घेतली व तेथील झेड.एफ.एस.चें काम थांबलें. तथापि मजकूर खुला असल्यामुळें केलेले श्रम वायां गेले नाहींत. ते पुढें त्या प्रयोगशाळेच्या कामांत मिळून गेले. २०१३ सालीं निरनिराळ्या प्रणालींवर हें काम करणारे लोक ओपन-झेड.एफ.एस. या नांवाखालीं एकत्र आले, आणि २०१६ पासून उबुंटू ही लिनक्सची प्रसिद्ध आवृत्ति झेड.एफ.एस. आपल्याबरोबर देऊं लागली. सोलारिससाठीं घडलेली विद्या लिनक्सच्या घरीं नांदूं लागली, त्यांत महाराष्ट्रांतील एका शहराचे हात लागले आहेत.

या हकीकतींत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. झेड.एफ.एस. खुली आहे व लिनक्सही खुला आहे. तरी दोहोंच्या परवान्यांच्या अटी एकमेकींशीं जुळत नाहींत, असें सामान्यतः मानलें जातें. म्हणून ती अजूनही गाभ्याच्या मूळ मजकुरांत नाहीं. वेगळें मॉड्यूल म्हणून शेजारीं राहते. कारागिरी साधली तरी कायदा साधतोच असें नाहीं. ज्या विद्यार्थ्यांस या क्षेत्रांत जावयाचें असेल त्यांनीं आज्ञा लिहिण्याइतकीच परवाना वाचण्याचीही संवय लावून घ्यावी.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील, त्यांचाही विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, सर्वांनीं एकाच कंपनीची प्रणाली वापरावी, म्हणजे ही भानगडच नको. परंतु ज्या पालकांच्या हातीं अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या हातीं लिनक्सचाच गाभा आहे. घरांत एक प्रणाली फोनांत व दुसरी शाळेंतील संगणकांत अशी स्थिति आधींच झालेली आहे. शिवाय कंपन्या येतात, विकल्या जातात, बंदही पडतात. कागद मात्र नातवंडांच्या काळीं लागतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परक्यास घरांत घेतलें कीं चोरही शिरतो. गाभा हें यंत्राचें अगदीं मर्मस्थान. तेथील ड्रायव्हरांत उणीव असेल, तर मुद्दाम बिघडवून लिहिलेला पेनड्राइव्ह लावतांच यंत्र कोलमडूं शकतें, किंवा त्याहून वाईटही घडूं शकतें. हें आम्ही मान्य करितों. म्हणूनच सर्व पद्धती सरसकट चालू कराव्यात असें आमचें म्हणणें नाहीं. अति तेथें माती. ज्यांची खरोखर गरज आहे त्याच चालू कराव्यात. अनोळखी साठा प्रथम केवळ वाचण्यापुरता जोडावा. आणि जेथें गाभ्याबाहेरील ड्रायव्हरावर भागत असेल तेथें भागवावें.

तिसरा आक्षेप पालकांचा असतो: हें परीक्षेंत विचारणार आहेत काय? २००१ पासून एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमानें महाराष्ट्रांतील असंख्य लोकांस संगणक वापरण्याची ओळख करून दिली, हें मोठेंच काम झालें. परंतु वापरणें आणि समजणें यांत अंतर आहे. बैलगाडी हांकणाऱ्यास आरा व धांव यांची माहिती नसेल, तर आड वाटेवर चाक निखळल्यावर त्यास बसून राहावें लागतें. आमच्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. आईबापांचा मुक्काम कारखान्यावर आणि मूल वसतिगृहांत किंवा आजीजवळ. अशा मुलाचे जातीचे, उत्पन्नाचे व शाळेचे दाखले कोणत्या तरी सेवाकेंद्रांतील यंत्रावर एका पेनड्राइव्हवरून जावयाचे असतात. तेथें तो वाचला गेला नाहीं व कोणीं घाईनें पुसला, तर दाखल्यासाठीं पुन्हां खेटे घालावयास घरीं मोठें माणूस कोणी नसतें, आणि अर्जाची मुदत टळून जाते. परीक्षेंत न विचारला जाणारा हा प्रश्न मुलाचें एक वर्ष घेऊन जाऊं शकतो.

यास्तव आमची सूचना अशी आहे. शाळेंतील संगणकांवर एन.टी.एफ.एस. व एक्सफॅट या दोन पद्धती तरी वाचतां याव्यात, अशी व्यवस्था शिक्षकांनीं करून घ्यावी. आणि ती विद्यार्थ्यांच्या देखत करावी. सत्रांतील एक तास यासाठीं पुरे आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स ही प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे, आणि केरळांतील सरकारी शाळांनीं खुल्या प्रणालीवरच संगणकशिक्षण चालवून दाखविलें आहे. तेव्हां हें खर्चाबाहेरचें काम नव्हे. विद्यार्थ्यांनीं विंडोजचा संगणक अर्धवट झोंपेंत न ठेवितां पूर्ण बंद करण्याची संवय लावावी. नाहीं तर त्याचें दप्तर उघडेंच राहतें व दुसरी प्रणाली त्यांत लिहिण्यास नकार देते. पेनड्राइव्ह ओढून काढण्यापूर्वीं यंत्रास तशी सूचना द्यावी, म्हणजे हातांतील नोंद पुरी होते. पालकांनीं महत्त्वाचे दाखले एकाच ठिकाणीं न ठेवितां निदान दोन ठिकाणीं ठेवावेत, व मूळ कागद जपावेत.

उर्दू व मोडी दप्तरें वाचणारीं माणसें मिळेपर्यंत मराठवाड्यानें तीं दप्तरें सांभाळून ठेविलीं, म्हणून आज त्यांचा उपयोग होत आहे. तीच धीराची रीत नव्या दप्तरांसही लावावी. लिनक्सचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे. पुण्याच्या अभियंत्यांप्रमाणें चौसाळ्याच्या मुलामुलींसही तो वाचतां येईल व पुढेंमागें सुधारतांही येईल. तोंपर्यंत एवढें तरी करावें: यंत्रानें ‘फॉरमॅट करावयाचा काय?’ असें विचारिलें तर ‘नाहीं’ म्हणावें, पेनड्राइव्ह काढून घ्यावा, आणि तो वाचूं शकणारें यंत्र शोधावें.